हलव्याचे चार शनिवार

मला एक खोड आहे. समोरच्याला चार प्रश्न विचारल्याशिवाय माझं अन्न पचत नाही. लिफ्टमध्ये शेजारीण भेटली की तिच्या पिशवीत काय आहे ते मला हवं असतं. टॅक्सीत बसले की ड्रायव्हरचं गाव, मुलं किती, मोठीचं लग्न ठरलं का, इथपर्यंत पोचेस्तोवर माझं उतरायचं ठिकाण येतं. नवरा म्हणतो, हिला एअरपोर्टवर कस्टम्समध्ये नोकरी द्या. मुलगी तर इंग्लिशमध्येच बजावते की आई, लोकांच्या काही बाऊंडरीज असतात. असतील बापडे. मी लहानपणापासून भोचक आहे आणि आता पन्नाशीला आल्यावर सुधारण्यात काही अर्थ नाही.

नोकरी मात्र कस्टम्समध्ये न मिळता बंदुकांच्या दारात मिळाली. मुलगी अकरावीत गेली, नवरा सकाळी सातला लॅपटॉप उघडून बसायला लागला आणि इथे आखातात, सिलिकॉन ओएसिस नावाच्या वसाहतीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मला भिंतींना प्रश्न विचारायची पाळी आली. तेव्हा ओळखीतून शहराबाहेर वाळूत असलेल्या एका नेमबाजीच्या रेंजवर फ्रंट डेस्कला लागले. घरापासून गाडीने पाऊण तास. काम सोपं. आलेल्याचा आयडी स्कॅन करायचा, फॉर्मवर सही घ्यायची, कानांवर लावायला हेडफोन द्यायचे. बहुतेक गिऱ्हाईक पर्यटक. दहा गोळ्या झाडायच्या, पंधरा फोटो काढायचे, आणि यल्ला, चला पुढच्या मॉलला.

पण शनिवारी सकाळी वेगळी मंडळी यायची. रेंजच्या अगदी शेवटी, मुख्य इमारतीपासून लांब, पत्र्याची एक शेड होती आणि तिच्यासमोर एकच लेन. तिथून आधी दण्णकन आवाज यायचा आणि मग पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, तो वारा नसला तर पाच मिनिटं हलायचा नाही. नंतर सडलेल्या अंड्यांसारखा वास थेट माझ्या काउंटरपर्यंत. स्टाफमधली पोरं त्यांना धूरवाले म्हणायची. पहिल्या शनिवारी मी विचारलं की हे काय जाळतात, तर मॅनेजर म्हणाला, मॅडम, ती जुन्या बंदुकांची मंडळी आहे, नळीच्या तोंडातून भरतात. मी म्हटलं, अय्या, ठासणीची बंदूक! शाळेत इतिहासाच्या धड्यात वाचलेली वस्तू. ती अजून कोणी ठासतं हेच मला नवं होतं. चहाच्या सुट्टीत मी शेडकडे निघाले ते परत यायचं नावच घेईना, शेवटी मॅनेजरचा फोन आला.

त्या शेडमध्ये गेल्यावर पहिल्यांदा दिसायची ती भिंत. भिंतीवर लाकडाची लांब फळी, फळीला सत्तेचाळीस खुंट्या आणि प्रत्येक खुंटीला पितळेचं एक छोटं मापटं, आपल्या तेलाच्या पळीहून लहान. प्रत्येक सभासदाचं मापटं वेगळं, कारण प्रत्येकाच्या बंदुकीला लागणारी दारू वेगळी. आल्यावर आपलं मापटं खुंटीवरून काढायचं, जाताना पुसून परत लावायचं. देश सोडून कोणी गेलं तरी त्याचं मापटं तिथंच राहायचं. मी मोजलं. एक्केचाळीस मापटी धुळीने काळवंडलेली होती आणि सहा लखलखत होती.

त्या सहांतले मुख्य म्हणजे एक एमिराती आजोबा. त्यांना सगळे बाबा म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. वय ऐंशीच्या आसपास, ताठ, अंगातला लांब कंदुरा पांढराशुभ्र आणि त्याला येणाऱ्या बंदुकीच्या दारूच्या वासावरून नातवंडांशी नेहमीचा वाद. घर मूळचं उत्तरेकडच्या डोंगरातलं. तिथे लग्नात वडीलधारे असल्याच बंदुकांचे बार काढायचे आणि बाबांच्या हातातली बंदूक त्यांच्या वडिलांची. तरुणपण देऱ्याच्या धक्क्यावर मुंबईहून आलेला माल उतरवून घेण्यात गेलेलं, त्यामुळे हिंदी अशी फर्डी बोलायचे की मी चूक केली तर सुधारायचे. दुसरे वसईचे एक कॅथलिक गृहस्थ, मोठ्या हॉटेलात बँक्वेट सांभाळणारे. ते मला पहिल्या दिवसापासून ताई म्हणाले आणि मराठी कानावर पडली म्हणून मी लगेच जीव टाकला. तिसरा एक जर्मन इंजिनिअर, सगळं मिलिमीटरमध्ये बोलणारा. उरलेले तिघे आले, झाडलं, धुतलं आणि गेले, या जातीचे.

त्या सीझनभर मी शनिवारची ड्यूटी मागून घेतली. शेडमधली वही लिहायचं कामही अंगावर ओढून घेतलं. कोणी किती बार काढले, किती लागले, कुठे काय चुकलं. प्रश्नांना तोटा नव्हता. दारू काळी का? धूर पांढरा का? गोळीला कापडाचं फडकं का गुंडाळता? बंदूक साबणाच्या गरम पाण्याने धुतात हे पाहिल्यावर तर मी हसून गडाबडा लोळायची बाकी होते. तासभर झाडायचं आणि तासभर भांडी घासायची! वसईकर म्हणाले, ताई, म्हणूनच बायका आपल्या नवऱ्यांना इथे सोडत नाहीत, घरी कधी घासत नाही मग इथे कशी घासतोस असं विचारतात.

बाबांनी मला भरण्याची रीत शिकवली. हातात बंदूक मात्र कधी दिली नाही, कारण स्टाफने झाडायचं नाही हा रेंजचा नियम होता. आधी दारू साठवायच्या पोकळ शिंगातून मापट्यात दारू, मापट्यातून नळीत. मग तेल लावलेलं फडकं आणि त्यावर गोळी. मग गजाने ती तळापर्यंत ठासायची. मग ठिणगी पाडणारी तांब्याची छोटी टोपी आणि मग चाप. गजावर चाकूने कोरलेली एक खूण होती. भरणं बरोबर झालं असेल तर ती खूण बरोबर नळीच्या तोंडाशी येते. दारू घालायचीच राहिली तर गज खोल जातो आणि खूण आत बुडते. चुकून दोनदा घातली तर खूण वर राहते, दोन बोटं. बाबा गज माझ्यासमोर धरून म्हणाले, "आदमी भूलता है, बेटी. गज नहीं भूलता." मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

दारू घालायची राहून नुसतीच गोळी ठासली गेली तर त्याला ते कोरडी गोळी म्हणत. यात धोका काही नाही, फक्त फजिती. चाप ओढला की टोपी टिचकन वाजते आणि पुढे काहीच होत नाही, अगदी फुसका बार. मग सगळे हसतात, गजाला स्क्रू लावून गोळी उपसावी लागते आणि दंड म्हणून त्या माणसाने पुढच्या शनिवारी सगळ्यांना हलवा आणायचा. ओमानी हलवा, केशर आणि बदामवाला, मधासारखा चिकट. चांगला डबा चाळीस दिरहॅमला, म्हणजे आपले हजार रुपये झाले की. हा नियम बाबांनीच घातलेला. चूक लपवली की माणूस दुसरी करतो, हलवा आणला की सगळ्यांना कळतं, असं त्यांचं म्हणणं. मला नियम फार आवडला. हलवाही.

डिसेंबरमध्ये मॅनेजरने शेडमध्ये येऊन सांगितलं की असं चालणार नाही. एक अख्खी लेन फक्त सहा माणसांसाठी अडवून ठेवलीय. मार्चच्या शेवटच्या शनिवारी लेन पुढच्या वर्षासाठी राखायची मॅच असते. तिच्यात किमान सहा सभासदांनी पाच-पाच बारांचं पूर्ण कार्ड झाडलं तर लेन राहील. पाचच झाले तर पुढच्या वर्षी तिथे पर्यटकांसाठी फुगे लावणार, हवेच्या बंदुकीने फोडायचे. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याला वरून विचारणारे होते, त्याने त्यांचं सांगितलं. सहा म्हणजे आमचे सहाच्या सहा. एकालाही सर्दी होऊन चालणार नव्हतं.

मग मी पदर खोचला. जुनी यादी काढली आणि एक्केचाळीस मापट्यांच्या मालकांना फोन करायला बसले. सभासद कमी का होतात हे मला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि एखादा परत आला तर दुधात साखर. अर्धे नंबर बंद. कोणी कॅनडात, कोणी रिटायर होऊन गावी, व्हिसा संपला की माणूस संपतो इथे. एका पुणेकराने सौजन्याने समजावलं की वहिनी, दुसऱ्या बंदुकीने तासाला शंभर गोळ्या मारता येतात, मग तीन गोळ्यांसाठी सकाळ कोण घालवणार. एक जण आधीची नोकरी जाऊन आता कमी पगारावर लागला होता आणि देऱ्याला शेअरिंग रूममध्ये राहत होता, गाडी विकलेली, आणि मेट्रो काही वाळूत येत नाही. त्याला यायचं होतं, मी त्याच्यासाठी गाडीची सोयही लावायला बघितली, पण त्याचा शनिवार ड्यूटीचा निघाला. एका सभासदाच्या मुलाने सांगितलं, वडील माझे यायचे, मला त्या धुराने दमा होतो. एका घरी बायकोने फोन उचलला. नवरा गेल्या वर्षी वारला होता. तिने एवढंच विचारलं की त्यांचं मापटं अजून खुंटीवर आहे का. मी आहे म्हटलं. राहू द्या, म्हणाली. त्या दिवशी मी पुढचे फोन केले नाहीत.

नवीन कोणी मिळेल म्हणून मी घरातही खडा टाकून पाहिला. मुलगी म्हणाली, "आई, इट्स लाइक डायल-अप इंटरनेट." तसंही नवीन माणसाला कार्ड झाडायच्या आधी वर्षभर शिकावं लागायचं, त्यामुळे उपयोग नव्हताच. एवढा खटाटोप करून हाती भोपळा आला. सहा होते ते सहाच राहिले.

जानेवारीत बाबांनी पहिली कोरडी गोळी ठासली. चाप ओढला, टिचकन वाजलं, आणि काही नाही. गोळी उपसली तर नळीत दारूचा कणही नव्हता. इतक्या वर्षांत बाबांकडून हे कधी झालं नव्हतं, त्यामुळे सगळे पोट धरून हसले. बाबा सगळ्यात जास्त हसले. पण हसता हसता त्यांनी दारूचं शिंग उचललं, कानाशी नेऊन हलवलं, खाली ठेवलं, पुन्हा उचलून हलवलं. मी वहीत लिहिलं. पुढच्या शनिवारी हलवा आला, केशर घसघशीत. आम्ही चाटून पुसून खाल्ला.

त्या शनिवारी त्यांनी दुसरी कोरडी गोळी ठासली. वसईकर म्हणाले, बाबांना आमची गोडाची आवड कळलीय, मुद्दाम करतायत. पुढच्या शनिवारी हलवा आणि तिसरी कोरडी गोळी. फेब्रुवारीत चौथी, आणि तिचाही हलवा. चौथ्या डब्यातला अर्धा उरला तो बाबांनी मला घरी न्यायला दिला. मुलीने आणि नवऱ्याने बोटं चाटली.

आता खरं सांगते. मला दुसऱ्याच शनिवारी कळलं होतं. माझे वडील शेवटी शेवटी पुण्याला गॅसवर दूध ठेवून विसरायचे, आणि आठवण करून दिली की असेच मोठ्याने हसायचे. ते हसणं माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. वही माझ्याच हातात होती आणि तीत माझ्याच अक्षरात चार वेळा तेच लिहिलं होतं. ज्याला दारू घालायची आठवण राहत नाही, त्याला घातलेली आठवण तरी कशी राहील, आणि मग तो एखाद्या दिवशी दोनदा घालेल, एवढं समजायला काही जर्मन इंजिनिअर व्हावं लागत नाही. नवऱ्यापाशी बोलले. तो म्हणाला, अगं, तू टॅक्सीवाल्याला त्याचा पगार विचारतेस, मग त्यांना विचार की सरळ.

मी नाही विचारलं. टॅक्सीवाल्याला विचारून माझं काही जात नव्हतं. बाबांना विचारलं असतं आणि त्यांनी हो म्हटलं असतं, तर सहाचे पाच झाले असते. शेड गेली असती, शनिवार गेले असते, ते मराठीतलं ताई गेलं असतं. मी मनाशी म्हटलं, मार्च संपू दे, लेन वाचू दे, मग विचारू. उन्हाळ्यात रेंज बंदच असते, निवांत बोलू. स्वतःची समजूत घालण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

मार्चचा शेवटचा शनिवार उजाडला. सहाही जण आले. देवाला नारळ बोलायचा राहिला होता तो मी गाडीतच बोलून घेतला. हवा स्वच्छ, वारा बरा, मॅनेजर स्वतः खुर्ची टाकून बसलेला. मी बाबांच्या मागे तीन पावलांवर वही घेऊन उभी. सगळ्यांनी एकेक बार काढायचा, धूर जाईपर्यंत थांबायचं, मग पुढचा भरायचा. पहिला झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. बाबांच्या तिन्ही गोळ्या काळ्या वर्तुळात. माझ्या जिवात जीव आला.

चौथ्याला बाबा भरत होते तेव्हा वसईकरांनी त्यांना वाऱ्याबद्दल काहीतरी विचारलं. बाबांनी मान वळवून उत्तर दिलं, पुन्हा पुढे बघितलं, शिंग उचललं. आधी घातली होती की नव्हती ते मी पाहिलं नव्हतं, मी तिसऱ्याचे गुण लिहीत होते. मान वर केली तेव्हा ते गोळी ठासत होते. गज थांबला. त्यावरची खूण नळीच्या तोंडापासून दोन बोटं वर होती.

बाबांनी खुणेकडे पाहिलंच नाही. त्यांनी गज काढून बाजूला ठेवला आणि टोपी घ्यायला हात खिशाकडे नेला.

थांबा म्हणायचा हक्क रेंजवर कोणालाही असतो, अगदी झाडूवाल्यालाही. पण भरण्यातल्या चुकीसाठी कोणाला थांबवलं तर त्याचं त्या दिवसाचं कार्ड रद्द, हाही नियम मला पाठ होता. टोपी खिशातून काढून बसवायला बाबांना पाच-सहा सेकंद लागायची. त्यातली दोन मी घालवली. मी जर्मनाकडे बघितलं. वाटलं, त्याने पाहिलं असेल, तो बोलेल. मग मॅनेजरकडे बघितलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. एका म्हाताऱ्या माणसाच्या गालाशी दुप्पट दारू भरलेली जुनी नळी टेकायची वेळ आली होती आणि मी इकडेतिकडे बघत होते की हे दुसऱ्या कोणीतरी बोलावं.

कोणी बोललं नाही. मी ओरडले. हिंदी नाही, इंग्लिश नाही, "थांबा, बाबा, थांबा" असं चक्क मराठीत. वसईकरांना तेवढं कळलं, त्यांनी हात वर करून स्टॉपचा इशारा दिला आणि सगळ्या बंदुका खाली झाल्या.

बाबांची बंदूक वसईकरांनी आणि जर्मनाने मिळून रिकामी केली. स्क्रूने गोळी उपसली, मग नळी उलटी करून दारू एका ताटलीत ओतली. जर्मनाने बाबांचंच मापटं घेऊन ती मोजली. एक मापटं भरलं. ताटलीत तेवढीच अजून उरली होती. त्याने ती दुसऱ्यांदा भरून दाखवली. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला की एवढ्याने बहुतेक काही झालं नसतं, जुन्या नळ्या मजबूत असतात, बहुतेक. त्या बहुतेकवर मी पुढे कित्येक दिवस घरात भांडी आपटली.

बाबा ते दुसऱ्यांदा भरलेलं मापटं बघत होते. मग त्यांनी ते घेऊन रिकामं केलं, कंदुऱ्याच्या बाहीने पुसलं आणि जाऊन स्वतःच खुंटीवर लावलं. फक्त "खलास" म्हणाले. बाकी पाच जणांनी आपापली कार्डं पूर्ण केली, कारण आता सोडून जाणं बरं दिसलं नसतं. मॅनेजरने वहीवर सही केली, पाच. मान खाली घालून म्हणाला, सॉरी मॅडम, मेरे हाथ में नहीं है, पुढच्या वर्षी काही जमतंय का बघू, इन्शाल्ला. मी त्याच्याशी भांडले नाही. त्या दिवशी बंदुका धुऊन झाल्यावर वसईकर मला जाताना ताई म्हणायचं विसरले. ते रागावले होते की रडू आवरत होते, हे मात्र मी त्यांना विचारलं नाही.

आठवडाभर मला चैन पडेना. माझं काय चुकलं हे मला नीट माहीत होतं. थांबवलं ते चुकलं नव्हतं. जानेवारीतच तोंड उघडलं असतं तर बाबांना सगळ्यांसमोर त्या ताटलीकडे बघत उभं राहावं लागलं नसतं. लेन तेव्हाही गेली असती, पण असं नसतं झालं. शुक्रवारी मी लुलू सुपरमार्केटमधून दोन नारळ आणले आणि वड्या थापल्या. मुलीने विचारलं, "हूज बर्थडे?" मी म्हटलं, कोणाचा नाही, दंड आहे.

शनिवारी शेडला कुलूप नव्हतं, सामान हलवायचं होतं म्हणून उघडीच होती. बाबा येतील अशी माझी अटकळ होती. इतक्या वर्षांची सवय, त्यांच्या ड्रायव्हरनेही न विचारता गाडी इकडेच वळवली असणार. ते बाकावर बसले होते, समोर रिकामी लेन. फुग्यांच्या चौकटी येऊन भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या. फळीवर सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस मापटी लटकत होती. मी शेजारी बसले आणि डबा उघडून पुढे केला.

बाबांनी डब्यात बघितलं, मग माझ्याकडे. "ये किसलिए? तुमने तो बंदूक नहीं भरी."

मी म्हटलं, गलती मेरी है, बाबा. जनवरी में पूछना था, पूछा नहीं.

त्यांनी एक वडी उचलली, सावकाश खाल्ली. साखर कमी आहे म्हणाले. दुसरी उचलली. मला वाटलं, विषय संपला, आणि मला थोडं हायसंही वाटलं. मग ते लेनकडे बघतच बोलायला लागले. "चार हफ़्ते हलवा लाया. सब ने खाया, सब हँसे. मैं सोचता था, ये लड़की तो पूछेगी. ये तो सबसे पूछती है."

पन्नाशीच्या बाईला लड़की म्हणणारं आता माझ्या आयुष्यात दुसरं कोणी उरलेलं नाही. मला एकदम भरून आलं आणि मी ओढणीने नाक पुसलं. म्हटलं, अभी पूछूँ?

त्यांनी मान डोलावली.

मी विचारलं, बाबा, हे कधीपासून होतंय, आणि तुम्हाला कधी कळलं? बाबांनी हात झटकले, गुडघ्यावर ठेवले. मग उजवा हात कानाशी नेला आणि जानेवारीत शिंग हलवून बघितलं होतं तसा हवेतच हलवला.

"वो जो पहली सूखी गोली थी ना, जिसपे सब हँसे. उस दिन मैंने बारूद डाला था, बेटी. मुझे पक्का याद था."